धुतलेला रस्ता

कोकणात वाढलेल्या माणसाला पाव इंच पाऊस हा पाऊसच वाटत नाही. इथे मॅसॅच्युसेट्समध्ये मात्र 24 तासांत तेवढा पडला की मला तपासणीसाठी बांधकामाची साइट गाठावी लागते. एक एकर किंवा त्याहून जास्त जमीन उकरायची असेल, तर पावसाच्या पाण्यासाठी ईपीएचं, म्हणजे केंद्राच्या पर्यावरण संस्थेचं परमिट घ्यावं लागतं. 2022 च्या परमिटप्रमाणे एकतर दर 7 दिवसांनी तपासणी करायची, नाहीतर दर 14 दिवसांनी आणि शिवाय अशा प्रत्येक पावसानंतर 24 तासांच्या आत. आमच्या कंत्राटदाराने दुसरा पर्याय घेतला होता.

नोव्हेंबरातल्या त्या सकाळी साइटवर नाव ठेवायला जागा नव्हती. गाळ अडवणारं कापडी कुंपण ताठ, त्याला टेकलेली माती अर्ध्या उंचीच्या बरीच खाली, ढिगांवर ताडपत्री. फाटकासमोरचा रस्ता तर लख्ख. फॉर्म भरत खालच्या ओढ्यापर्यंत गेलो आणि थबकलो. वरून येणारं पाणी नितळ होतं. पुलाजवळच्या पाइपखाली तेच चहासारखं गढूळ.

पाइपचा माग काढत वर आलो. तो रस्त्याकडेच्या चेंबरला जोडलेला होता. झाकण उचललं. आतला गाळ बोटांत चोळून पाहिला : पिठूळ, साइटवरच्या मातीच्याच रंगाचा. चेंबरला फिल्टर बॅग नव्हती. सुपरिंटेंडेंटला विचारलं, तर तो अभिमानाने म्हणाला, "चाकांबरोबर चिखल बाहेर येतो ना, म्हणून पोरं रोज संध्याकाळी होजपाइपने रस्ता धुतात."

त्याचा हेतू चांगलाच होता. पण परमिटमध्ये नेमकी याचीच मनाई आहे. रस्त्यावर आलेला चिखल त्याच दिवशी गोळा करून उचलायचा, गटारात लोटायचा नाही. "चेंबर कुंपणाबाहेर आहे, टाउनचा आहे," तो म्हणाला. मी त्याला ओढ्यावर घेऊन गेलो. तिथे ब्रूक ट्राउट आहेत. हा मासा शरद ऋतूत खडीत अंडी घालतो. खडीच्या फटींतून पाणी खेळतं राहिलं तरच अंड्यांना प्राणवायू मिळतो, आणि असा बारीक गाळ आधी त्या फटीच बुजवतो. आपलं कुंपण कितीही ताठ असू दे, माती फाटकातून चाकांवर बसून जाते आहे आणि पुढे ओढ्यापर्यंत आपणच पोचवतो आहोत, हे मी त्याला सांगितलं. त्याने वाद घातला नाही. तिथूनच फोन लावला.

दुपारपर्यंत व्हॅक्यूम ट्रकने चेंबर उपसला, बॅग बसली. चाकांचा चिखल झडावा म्हणून फाटकात टाकलेला खडीचा पट्टा लांबवायला 7 दिवसांची मुदत होती. अहवाल 24 तासांत पूर्ण करावा लागतो. तो मी त्याच रात्री लिहिला.

टाउनच्या संवर्धन समितीलाही कळवलं होतं. त्यांचा माणूस ओढा पाहून गेला. खडीवरचा गाळ काढू नका म्हणाला, कारण पाण्यात उतरून ढवळाढवळ केली तर उरलीसुरली अंडीही जातील. वसंत येईपर्यंत प्रत्येक पावसानंतर पाइपच्या तोंडाशीही नोंद घ्यायची, एवढं त्याने आमच्या फॉर्मवर वाढवून घेतलं.