डेस्कटॉप विमानाने नेला, अडलो मात्र बटणाएवढ्या सेलपाशी

घरात सगळे ज्याला ‘सीपीयू’ म्हणतात तो काळा डबा देशाबाहेर न्यायचा की कुणाला तरी देऊन टाकायचा, यावर मी जेवढा खल केला तेवढा नोकरी बदलतानाही केला नव्हता. लॅपटॉप असता तर प्रश्नच नव्हता. पण व्हिडिओचं काम करतो म्हणून एकेक भाग निवडून जोडलेलं मशीन, त्यात महागडं ग्राफिक्स कार्ड. सोडवत नव्हतं.

पहिला विचार समुद्रमार्गे पाठवायचा. बाकीचं सामान तसंच जाणार होतं. विम्याचे कागद नीट वाचले आणि बेत बदलला. खोकं तुम्ही स्वतः भरलं असेल आणि बाहेरून आपटल्याची खूण नसेल, तर आतलं यंत्र बंद पडलं म्हणून भरपाई नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. शिवाय कंटेनर दिवसा तापतो, रात्री गार पडतो आणि आतल्या दमटपणाचं पाणी छताला धरून खाली टपकतं. काही आठवडे त्यात मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग जिच्यावर बसतात ती मुख्य पाटी, ठेवायची माझी छाती झाली नाही.

मग अख्खं कॅबिनेट चेक-इनमध्ये टाकायचं? बहुतेक ठिकाणी बॅगेची मर्यादा २३ किलो आणि लांबी, रुंदी, उंची मिळून १५८ सेंटीमीटर. मधल्या आकाराचं कॅबिनेट त्यात बसतं, गुंडाळल्यावरही. अडचण वेगळीच आहे. उभ्या कॅबिनेटमध्ये प्रोसेसर थंड ठेवणारा जवळजवळ किलोभराचा कूलर बोर्डाला आडवा लटकत असतो आणि ग्राफिक्स कार्डाचा भार एका स्लॉटवर आणि मागच्या दोन स्क्रूंवर असतो. टेबलावर ठेवलंय तोवर ठीक, पण बॅग पट्ट्यावरून खाली आदळली की तो झटका थेट बोर्डाला बसतो. त्यात माझ्या कॅबिनेटची एक बाजू काचेची.

निर्णय शेवटी एसएमपीएसने, म्हणजे घरातली वीज मशीनला लागेल तशी करून देणाऱ्या डब्याने, घेतला. त्याच्या अंगावरचं लेबल कधी वाचलंच नव्हतं. माझ्याकडे वीज २३० व्होल्ट, जिथे जायचं तिथे १२०. लेबलवर १०० ते २४० असतं तर फक्त पिनची वायर बदलून भागलं असतं. पण त्यावर २०० ते २४० छापलेलं. म्हणजे तिकडे तो निरुपयोगी. (उलट दिशेने जाणाऱ्यांनी जास्त जपायचं. जुन्या एसएमपीएसला मागे ११५/२३० असं लाल बटण असतं. ते ११५ वर राहिलं आणि २३० ला जोडलं की ‘फट्’ असा आवाज येतो, आणि मग वास.) एसएमपीएस नाही, तर रिकामं कॅबिनेट कशाला ओढत न्यायचं? दोन्ही देऊन टाकली. यूपीएसचं तर बोलायलाच नको, त्यातली ॲसिडची बॅटरीच किती जड. मॉनिटरही ठेवून दिला.

उरले ते मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, कूलर, ग्राफिक्स कार्ड, दोन एसएसडी आणि फोटोंची जुनी हार्ड डिस्क.

सोडवताना धाकधूक होती ती कूलरची. माझा प्रोसेसर पिनांवर बसणाऱ्या जातीचा. कूलर आणि प्रोसेसरमधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळलेली असेल तर कूलर ओढताना प्रोसेसर सॉकेटातून उपटूनच वर येतो आणि पिना वाकतात. म्हणून आधी दहा मिनिटं एक व्हिडिओ एन्कोड करायला लावून त्याला चांगला तापवला, मशीन बंद केलं, वायर काढली आणि कूलर वर न ओढता डावीउजवीकडे हलकेच पिळत सुटा केला. आला बिचारा. प्रोसेसर आणि रॅम बोर्डावरच राहू दिले. प्रत्येक जोडणीचा फोटो काढला आणि कुठले स्क्रू कुठले ते लिहून वेगवेगळ्या पुड्या केल्या.

बोर्ड अँटिस्टॅटिक पिशवीत, ती त्याच्या मूळ खोक्यात आणि खोकं चेक-इन बॅगेच्या मधोमध कपड्यांत. साधा बबल रॅप थेट बोर्डाला लावू नये, त्यावर स्थिर वीज साठते. आधी पिशवी, मग रॅप. कूलर आणि स्क्रू ड्रायव्हर त्याच बॅगेत. ग्राफिक्स कार्ड, एसएसडी आणि हार्ड डिस्क माझ्यासोबत केबिनमध्ये. बंद हार्ड डिस्क चालू डिस्कपेक्षा कितीतरी जास्त धक्के सोसते, तरी ती नजरेआड करायची इच्छा नव्हती.

आणि इथे मी नको ती हुशारी केली. बोर्डावर घड्याळासाठी एक गोल सेल असतो, सीआर२०३२. ‘लिथियम बॅटरी’ हे शब्द वाचून मी घाबरलो आणि तो काढून टाकला. काही गरज नव्हती. त्यात लिथियम जेमतेम ०.१ ग्रॅम, आणि उपकरणात बसवलेला असा सेल नेण्याला कुणाची हरकत नसते. बंधनं खरी आहेत ती सुट्या बॅटऱ्यांवर आणि पॉवर बँकांवर.

सुरक्षा तपासणीत अपेक्षेप्रमाणे बॅग बाजूला घेतली. ग्राफिक्स कार्डाच्या धातूच्या पात्यांमुळे एक्स-रेमध्ये आरपार काही दिसत नाही. वर ठेवलं होतं, काढून दाखवलं, कापडाने पुसून यंत्रात तपासलं, सोडलं. कस्टम्समध्ये एकच प्रश्न, नवीन की जुनं? प्रत्येक भागाचा सिरियल नंबर लिहिलेली यादी आणि माझ्या नावाचं तीन वर्षांपूर्वीचं बिल पुढे केलं. अधिकाऱ्याने बिलापेक्षा पंख्यातली धूळ जास्त वेळ पाहिली असं मला वाटतं. बरं झालं साफ केला नव्हता.

नवं कॅबिनेट आणि नवा एसएमपीएस आणले. जुन्या एसएमपीएसच्या काही वायरी सवयीने बॅगेत भरल्या होत्या आणि त्यातली एक जोडायला घेतलीही होती. दोन कंपन्यांच्या वायरी सारख्याच खाचेत बसतात, पण एसएमपीएसच्या टोकाला पिनांचा क्रम एक असेलच असं नाही. चुकीचा व्होल्टेज गेला की डिस्क जळते. वेळेवर आठवलं आणि सगळ्या जुन्या वायरी कचऱ्यात टाकल्या.

बटण दाबलं, पंखे फिरले, स्क्रीन उजळला. मी टाळी वाजवायच्या बेतात. आणि समोर निळ्या पडद्यावर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप, ४८ आकडी रिकव्हरी की मागत उभा.

सेल काढल्यावर बायोसच्या, म्हणजे मशीन सुरू होताना विंडोजच्या आधी चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या, सेटिंग्ज मूळपदावर गेल्या होत्या. सिक्युअर बूट, टीपीएम अशा सुरक्षेच्या सेटिंग्ज, सगळं बदललेलं. विंडोजच्या दृष्टीने हे अनोळखी मशीन होतं. डिस्कला कुलूप मी स्वतः कधी लावलंच नव्हतं, पण मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन करून विंडोज बसवलं की काही मशिन्सवर ते आपोआप लागतं. निघण्याआधी ते तात्पुरतं सस्पेंड करणं हे दोन मिनिटांचं काम. माझ्या यादीत नव्हतं. बॅकअप होता, पण शेवटच्या दहा दिवसांचा नाही, आणि त्याच दहा दिवसांत एक काम पूर्ण केलं होतं.

ती की माझ्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली होती. फोनवरून खातं उघडायला गेलो तर ओळख पटवण्यासाठी कोड पाठवला म्हणे, जुन्या नंबरवर. तो नंबर ज्या सिममध्ये, ते मी ताईकडे ठेवून आलो होतो. तिकडे रात्रीचे साडेतीन. दोनदा पूर्ण रिंग वाजली, तिसऱ्यांदा उचलला.

“काय झालं? बरा आहेस ना?”

“ताई, माझ्या जुन्या फोनवर मेसेज आलाय बघ. सहा आकडे.”

“रात्री साडेतीनला?”

तो फोन बंद होता, मग चार्जर सापडेना, मग कोडची मुदत संपली, मग दुसरा मागवला. तिने आकडे वाचून दाखवले आणि वर विचारलं, “कोणी फसवत तर नाहीये ना तुला?” ४८ आकडे टाइप करताना मी एकदा चुकलो, दुसऱ्यांदा डेस्कटॉप उघडला. दहा दिवसांचं काम जागच्या जागी होतं.

सकाळी आधी खात्यातला नंबर बदलला, की कागदावर लिहून काढली, आणि मग ताईला सांगितलं, ते सिम आता बंद केलंस तरी चालेल.