देठ

तिसऱ्या श्रावणी सोमवारची ब्रह्मगिरीची फेरी अण्णांनी कधी चुकवली नाही. यंदा अण्णा नव्हते. आईच म्हणाली, "चल, आपण दोघं जाऊ."

रविवारी रात्री नाशिकहून एसटीने त्र्यंबकला उतरलो. कुशावर्तात डुबकी मारली, चपला पिशवीत टाकल्या आणि अनवाणी निघालो. वीसेक किलोमीटरची वाट, पाऊस, चिखल, खडी. मागून 'बम बम भोले'चा गजर यायचा. आई त्यात सूर मिसळायची. माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता. अण्णा दवाखान्यात असताना घरात आम्ही महामृत्युंजयाचा जप केला होता, आळीपाळीने, रात्र रात्र. तरी ते गेले. त्या मंत्राचा पहिलाच शब्द 'त्र्यंबकं', आणि मी त्याच्याच डोंगराला प्रदक्षिणा घालत होतो.

पहिने मागे पडलं, उजाडलं. उजव्या हाताला ढगात बुडालेला ब्रह्मगिरी, खाली भाताची खाचरं. वाटेवर एक आजी काकड्या विकत बसल्या होत्या. आईने एक पिवळी, पिकलेली उचलली. आजी म्हणाल्या, "ती तोडली न्हाई बाई. हात लावला अन् देठापासून सुटली."

आई तिथंच दगडावर बसली. जरा वेळाने म्हणाली, "मंत्रात हेच आहे रे. मरण नकोच, असं कुठं मागितलंय? पिकलेली काकडी देठावरून सुटते तसं मृत्यूपासून सोडव, अमृतापासून नको."

अण्णा ८१ वर्षांचे होते.

हजारो वेळा म्हटलेला मंत्र मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. आणि हे मागायचं तरी दुसऱ्या कोणाकडे? फूल त्याचं, पिकवणं त्याचं, देठ सोडवणंही त्याचंच. त्र्यंबकला उंच पिंडी नाही. एक खळगा, त्यात अंगठ्याएवढी तीन लिंगं: ब्रह्मा, विष्णू, महेश. उत्पत्ती, स्थिती, लय एकाच ओंजळीत मावलेले. महादेव म्हणजे संहार करणारा तिसरा, एवढंच मी धरून बसलो होतो. ती अख्खी ओंजळच त्याची.

गणपतबारीवरून गावात आलो आणि दर्शनाच्या रांगेत लागलो. देवळाचा काळा दगड पावसाने ओला. नानासाहेब पेशव्यांनी १७५५ मध्ये बांधायला घेतलेलं हे देऊळ १७८६ मध्ये पुरं झालं. ते स्वतः १७६१ मध्येच गेले होते. रांग तासन् तास हलेना. आईचे पाय सुजले होते, पण ती बसली नाही.

गाभाऱ्यासमोर आलो तेव्हा आईने माझ्या पाठीला हात लावला.

"अण्णांचाही नमस्कार कर."

मी दोनदा वाकलो.