हिरवे ओठ, लाल अस्तर

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला एदोतल्या, म्हणजे आजच्या तोक्योतल्या, नटव्या बायकांचा खालचा ओठ हिरवा असायचा. त्या काळचा चित्रकार केइसाई एइसेन याने काढलेल्या सुंदरींची चित्रं पाहिली तर वाटतं, छापणाऱ्याची शाई चुकली. पण ओठ हिरवा दिसावा हीच तर हौस होती, आणि ती भागायची लाल रंगाने!

हा लाल म्हणजे 'बेनी'. एक हात दिला तर ओठ लाल. थरावर थर चढवत गेलं, की वाळल्यावर तोच रंग सोनकिड्याच्या पाठीसारखा हिरवा चमकतो. आता बेनीची किंमत सोन्याच्या भारोभार, असं लोक म्हणत. म्हणजे हिरवा ओठ ही सरळसरळ ऐपतीची जाहिरात. ज्यांना ती परवडत नसे त्या आधी ओठाला काळी शाई लावत आणि वर बेनीचा पातळसा हात फिरवत. लांबून फरक कळत नसे. श्रीमंतांच्या डोळ्यांत अशी धूळ फेकणाऱ्या त्या बायकांचं मला मनापासून कौतुक वाटतं.

एवढा नखरेल रंग येतो कशातून? करडईतून. तीच, सोलापूर-मराठवाड्याची. आपण तिच्या कोवळ्या पाल्याची भाजी करतो, बियांचं तेल काढतो, आणि जनावरं आत शिरू नयेत म्हणून ज्वारीच्या कडेने तिच्या ओळी पेरतो. पूर्वीचा आपला कुसुंबी रंगही याच फुलाचा. जपानात मात्र सगळा जीव फुलातच अडकलेला. उत्तरेकडच्या यामागाता भागात, मोगामी नदीच्या काठी, जुलैच्या सुरुवातीला करडई फुलते. फुलं पहाटेच खुडायची, कारण दवाने काटे जरा नरमलेले असतात. आपल्याकडेही करडईची काढणी सकाळच्या गारव्यातच उरकतात, त्याच काट्यांपायी.

फूल दिसायला पिवळं. त्यात पिवळा रंग भरपूर, लाल शंभरात जेमतेम एक भाग. पिवळा पाण्यात विरघळतो, म्हणून पाकळ्या धुवायच्या, मग आंबवायच्या, कुटायच्या आणि चपट्या वड्या करून वाळवायच्या. लाल हट्टी. तो साध्या पाण्याला दाद देत नाही. राखेचं खारं पाणी लागतं. नंतर धुरावर काळ्या केलेल्या आंबट उमे फळांचा (जर्दाळूसारखं जपानी फळ) अर्क घातला की तो पाण्यातून सुटतो आणि कापडावर बसतो. हे सगळं कडाक्याच्या थंडीत केलं तर रंग जास्त स्वच्छ उतरतो. म्हणून थंडीतल्या बेनीला मान होता. जपानी पंचांगात दिवसांना बारा प्राण्यांची नावं असत; त्या थंडीत बैलाच्या दिवशी ती घेणाऱ्या गिऱ्हाइकाला दुकानदार मातीचा छोटा बैल भेट देत. सणाला घेतलेल्या खरेदीवर काहीतरी फुकट मिळण्याचा आनंद सगळीकडे सारखाच.

वड्या मोगामी नदीतून साकाता बंदराला, तिथून जहाजाने आणि पुढे बिवा सरोवरावरून क्योतोला जात. परतताना जहाजांतून क्योतोच्या बाहुल्या येत. यामागातातल्या व्यापाऱ्यांच्या जुन्या वाड्यांत त्या अजून जपलेल्या आहेत. १६८९ साली कवी बाशो यामागातातल्या ओबानाझावाला ज्या सेइफूच्या घरी उतरला, तोही याच फुलाचा व्यापारी. पैसा असूनही माणूस रसिक होता, असं बाशोचं त्याच्याबद्दलचं मत.

शोगुनच्या, म्हणजे तेव्हाच्या लष्करी सत्ताधीशाच्या, राज्यात सामान्यांनी काय नेसावं याचेही हुकूम सुटत. भपकेदार कपडा दिसला की दंड. मग लोकांनी वरून करडे-तपकिरी किमोनो घालायला सुरुवात केली आणि लाल रेशीम अस्तराला लावलं. चालताना बाही हलली की क्षणभर दिसणार, एरवी नाही. शिवाय बेनीने अंगात ऊब राहते, रोगराई लांब राहते, अशी समजूत होती; म्हणून तान्ह्या बाळांचे कपडे आणि आतली वस्त्रंही लाल. कायद्याला भिऊन लपवलेल्या रंगाला तब्येतीचं कारण मिळालं, की मग कोण बोलणार?

एवढं करून हा रंग उन्हाला टिकत नाही. जुन्या चित्रांतला बेनी बहुतेक ठिकाणी विटलाय. मेइजी काळात, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, परदेशी रासायनिक लाल आला, स्वस्त आणि भडक, आणि करडईचे मळे ओस पडले. तरी यामागाताने १९८२ मध्ये करडईला आपलं राज्यफूल केलं, आणि १८२५ साली एदोत सुरू झालेलं इसेहान हे दुकान अजून चिनी मातीच्या वाटीत बेनी विकतं. वाटीत ती हिरवीगार असते. ओला कुंचला लावला की लाल. तोक्योच्या मिनामी-आओयामात त्यांचं छोटं संग्रहालयही आहे. सोलापूरकडचं कुणी तिथे गेलं, तर फूल चटकन ओळखेल. काट्यांविषयी तर त्यालाच चार गोष्टी सांगता येतील.