सरकारला स्वस्त घर परवडत नाही

पुण्यात दस्त नोंदणीचं काम करणाऱ्यांचं नवीन वर्ष पाडव्याला नाही, १ एप्रिलला लागतं. मी एका वकिलांच्या ऑफिसात करारनामे टाइप करते, चलनं काढून देते आणि पक्षकारांना घेऊन दुय्यम निबंधकांकडे फोटो-अंगठ्यासाठी बसते. २०२५ मध्ये ३० मार्चला पाडवा होता, ३१ ला ईद, आणि वर रेडिरेकनर, म्हणजे घरांचे सरकारी दर, वाढणार अशी कुणकुण. शेवटच्या आठवड्यात येणाऱ्या प्रत्येक फोनवर एकच प्रश्न होता, "ताई, एकतीसच्या आत बसेल का?"

कुणकुण खरी ठरली. मुंबई धरून राज्यात सरासरी ३.८९ टक्के वाढ. पुणे महापालिकेत ४.१६, पिंपरी-चिंचवडला ६.६९, आणि सोलापूरला थेट १०.१७, राज्यात सगळ्यांत जास्त. सोलापूरच्या मावसभावाने विचारलं, "आमच्याकडे असं काय झालं गं एवढं?" मला काही उत्तर सुचलं नाही.

याआधीची वाढ एप्रिल २०२२ ची. मधली दोन वर्षं दर जैसे थे होते. निवडणुका होत्या म्हणून, असं बाहेरच्या बाकावरचे एजंट छातीठोक सांगतात. त्यांचं सगळंच खरं मानायचं नसतं. पण नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेची निवडणूक झाली आणि पुढच्याच एप्रिलला दर वाढले, एवढं कॅलेंडरवर दिसतं.

ज्यांना या ऑफिसची पायरी चढावी लागली नाही त्यांच्यासाठी सांगते. रेडिरेकनर म्हणजे तुमच्या भागातल्या घराची किंमत चौरस मीटरला निदान किती धरायची, हे सरकारने ठरवलेलं कोष्टक. करारातली रक्कम आणि या कोष्टकातून निघणारी रक्कम, यांतली जी जास्त त्यावर मुद्रांक शुल्क. तुम्ही स्वस्तात घेतलंत ते तुमच्यापाशी. बिनलिफ्टच्या जुन्या इमारतीतला चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट विकायला काढलेले एक काका आमच्याकडे आले होते. गुडघ्यांमुळे त्यांना जिने होईनात, आणि गिऱ्हाइकांनाही जिने नको होते, म्हणून त्यांनी भाव उतरवला. इमारतीच्या वयाचा घसारा धरला, लिफ्ट नसल्याची सूट धरली, तरी सरकारी मूल्यांकन सौद्याच्या वरच निघालं. घेणाऱ्याने शुल्क त्या वरच्या आकड्यावर भरलं. काका म्हणाले, "सरकारला एवढी खात्री आहे तर त्यांनीच घ्यावा की त्या भावाने."

आता सरळ साधं गिऱ्हाईक बघा. धायरीत बांधकाम चालू असलेला टू बीएचके, करार ६२ लाखांचा. नवरा भोसरीच्या कारखान्यात, बायको शाळेत. मुद्रांक शुल्क सात टक्के, म्हणजे ४ लाख ३४ हजार. नोंदणी फी एक टक्का, पण कमाल ३० हजार, ते ३०. इमारत पूर्ण झाली नाही म्हणून पाच टक्के जीएसटी, ३ लाख १० हजार. झाले पावणेआठ लाख. यांत घराची एक वीटही आली नाही.

हे ऐकून माणसं आधी विचारतात, कर्जात बसवता येईल का? नाही. ३० ते ७५ लाखांच्या कर्जात बँक किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देते, आणि या किमतीत मुद्रांक शुल्क व नोंदणी फी धरायची नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. म्हणजे पदरचे १२ लाख ४० हजार, अधिक शुल्क आणि फी, झाले सतरा लाखांवर. जीएसटीचं आणखी वेगळं. हे सतरा लाख येतात ते पीएफमधून, सोनं मोडून आणि गावाकडच्या भावाकडून. सरकारच्या खात्यात ते एका क्लिकवर जमा होतात. सरकारी पैसे ऑनलाइन भरायच्या ग्रास प्रणालीवर चलन निघालं की मी नेहमी म्हणते, "चला, तुमचं झालं." मग पक्षकार त्या कागदाकडे बघत बसतात.

त्या सात टक्क्यांची फोड मी प्रत्येकाला करून सांगते, कुणी विचारलं नाही तरी. पाच टक्के राज्याचे. एक टक्का स्थानिक संस्थेसाठी. जकात गेली, तिच्या जागी पुण्यात २०१३ ला एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला, तोही ऑगस्ट २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांना माफ झाला, पण घर घेणाऱ्याच्या चलनावर हा टक्का आजही एलबीटी याच नावाने चिकटून आहे. आणि एक टक्का मेट्रोचा. तो दोन वर्षं माफ होता, एप्रिल २०२२ पासून लागू झाला. धायरीचे हे दोघं मेट्रोसाठी ६२ हजार भरतात आणि मेट्रो धरायला बसने स्वारगेटला येतात.

आता वरच्या बाजूचा हिशोब. मार्च २०२५ मध्ये तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवारांनी २०२५-२६ चा अर्थसंकल्प मांडला. एकूण खर्च सात लाख कोटींचा. महसुली तूट, म्हणजे रोजच्या खर्चात कमी पडणारे, ४५,८९१ कोटी; राजकोषीय तूट, म्हणजे कर्ज काढून भागवायचे, १ लाख ३६ हजार कोटी; आणि मार्च २०२६ पर्यंत कर्जाचा डोंगर ९ लाख ३२ हजार कोटींवर जाईल असा अंदाज होता. नुसतं व्याजच वर्षाला साठ हजार कोटींच्या वर. मुद्रांक व नोंदणी विभागाने २०२४-२५ मध्ये साधारण ५७ हजार कोटी मिळवून दिले, २०२५-२६ चं उद्दिष्ट ६३,५०० कोटींचं. म्हणजे गडचिरोलीपासून कुलाब्यापर्यंत वर्षभर जेवढे दस्त होतील, त्यांची सगळी कमाई जुन्या कर्जाच्या व्याजालाच जेमतेम पुरेल.

इथे लगेच कुणीतरी लाडक्या बहिणींचं नाव काढतं. २०२५-२६ ला त्या योजनेसाठी ३६ हजार कोटी ठेवले, रक्कम लहान नाहीच. पण आमच्या ऑफिसात फरशी पुसणाऱ्या मावशींना ते दीड हजार मिळतात आणि त्यांतून त्या नातीच्या क्लासची फी भरतात, हे मी बघते. जुलै २०२४ च्या आधीही राज्यावर कर्ज होतंच. दीड हजाराचे एकवीसशे करू असं प्रचारात सांगितलं आणि अर्थसंकल्पात त्याचा पत्ता नव्हता, याबद्दल बोलायचं तर जरूर बोला. मावशींना कशाला मध्ये ओढता?

मला खुपतं ते वेगळंच. तिजोरीत खड्डा पडला की सरकार कुणाकडे बघतं? जून २०२५ मध्ये भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क निर्मितीमूल्याच्या तिपटीवरून साडेचार पट केलं. दारू महागली तर माणूस कमी पितो, चोरून आणतो, नाहीतर गोव्याला जातो. घर घेणाऱ्याला यांतलं काहीच जमत नाही. त्याने बुकिंगचे पैसे भरलेले असतात, मुलांची शाळा ठरलेली असते. तो कुरकुरत का होईना, भरतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये शंभराच्या स्टँपची बरीच कामं पाचशेवर नेली, तेव्हाही लोक आठवडाभर चिडले आणि मग पाचशेचा मागू लागले.

आणि यातूनच ती विचित्र गोष्ट होते. घरं महाग व्हावीत यात सरकारचाच फायदा. भाव पडले तर ६३,५०० कोटी आणायचे कुठून? एकीकडे परवडणाऱ्या घरांच्या योजना, दुसरीकडे दरवर्षी वाढणारं उद्दिष्ट. ज्याचं उत्पन्न भावावर टक्केवारीने ठरतं तो भाव पाडेल, असं मला एजंटाबद्दल वाटत नाही, सरकारबद्दल का वाटावं?

शुल्क कमी केलं तर काय होतं तेही आम्ही बघितलंय. करोनाच्या वर्षी, १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२० या काळात राज्याने आपला पाच टक्क्यांचा दर दोनवर आणला आणि नंतर मार्च २०२१ पर्यंत तीनवर ठेवला. डिसेंबरात इतकी झुंबड उडाली की शुल्क भरून ठेवा, नोंदणी चार महिन्यांत करा, अशी मुभा द्यावी लागली. मास्क खाली करून फोटो काढायचा, लगेच वर ओढायचा, सॅनिटायझरने अंगठे इतके कोरडे की मशिन ठसा घेईना. अडून बसलेली माणसं घरं घ्यायला तयार होती, फक्त रोख रकमेचा तो ढीग त्यांना झेपत नव्हता, हे तेव्हा दिसलं. मार्च संपला, सवलत संपली.

राहिली ती बायकांची एक टक्क्याची सवलत, एप्रिल २०२१ पासूनची. घर फक्त बाईच्या, किंवा सगळ्याच बायकांच्या नावावर असेल तर. धायरीच्या जोडप्याला मी तेच सांगितलं, एकट्या बाईंच्या नावाने घ्या, ६२ हजार वाचतील. नवरा सहकर्जदार राहू शकतो, त्यासाठी तो मालक असायलाच हवा असं नाही. तो लगेच तयार झाला. सासूबाई दोन दिवस तयार नव्हत्या. "त्याच्या नावाचं काहीच नको का?" मी म्हटलं, आजी, ६२ हजारांत किचनची ट्रॉली आणि दोन पंखे येतात. नावाचं त्यांना पटलं नसावं, पण ट्रॉलीचं पटलं.

दस्त झाला, सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदणीचा उतारा, हातात आली. जाताना त्यांना एक काम सांगून ठेवलं, तेच इथेही सांगते. ताबा मिळाला आणि महापालिकेची कर आकारणी झाली की पीटी-३ अर्ज भरा. पुण्यात स्वतः राहत असलेल्या घराला मिळकतकरात ४० टक्के सवलत मिळते. ती मध्ये काढून घेतली होती, २०२३ मध्ये परत आली, पण नव्या घराला आपोआप लागत नाही. तुम्ही स्वतः राहता असं सोसायटीचं पत्र आणि त्या पत्त्याचा एखादा पुरावा जोडा. पत्रावर सोसायटीचा शिक्का असू द्या, आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.