दहा वावांच्या आतला समुद्र

समुद्रातील जैवविविधता राखण्याचा विषय निघाला की आपल्याकडची चर्चा बहुधा अभयारण्यापाशीच थांबते. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झाले. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाभोवतीचे २९.१२ चौरस किलोमीटर क्षेत्र त्यात येते, आणि तिथल्या खडकांवर प्रवाळ आहेत. मात्र ज्यांचे पोट याच पाण्यावर चालते त्या मच्छीमारांचा या अभयारण्याला दीर्घकाळ विरोध राहिला. याच किनाऱ्यावर मत्स्यव्यवसाय खात्याच्या कायद्याने आखलेल्या आणखीही काही सीमा आहेत. त्या मासेमारीच्या भांडणातून जन्मल्या, म्हणून निसर्गप्रेमी मंडळी त्यांच्याकडे फारसे लक्ष देत नाहीत. माझ्या मते सिंधुदुर्गाच्या समुद्राचे भवितव्य अभयारण्याच्या नकाशापेक्षा या दुर्लक्षित सीमांवर अधिक अवलंबून आहे.

महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा. त्याखालील आदेशांनी किनाऱ्याच्या ठराविक पट्ट्यांत पाच किंवा दहा वाव खोलीच्या आत यांत्रिक ट्रॉलरना मनाई केली. एक वाव म्हणजे सहा फूट, तेव्हा दहा वाव म्हणजे सुमारे अठरा मीटर पाणी. या मनाईमागे पारंपरिक आणि यांत्रिक नौकांमधील संघर्ष टाळण्याचा हेतू होता, पण तिचा परिणाम तेवढ्यावर थांबत नाही. ट्रॉलरचे जाळे तळावरून ओढले जाते, आणि कोळंबीबरोबर तळाला चिकटून किंवा चिखलात राहणारे शिंपले, स्पंज, खेकडे, किडे आणि माशांची पिल्लेही त्यात येतात. किनाऱ्यालगतचा उथळ पट्टा आणि खाड्यांची मुखे ही अनेक जातींच्या पिल्लांची वाढण्याची जागा असल्यामुळे तिथे एकदा जाळे फिरले की त्याचा फटका पुढच्या कित्येक हंगामांना बसू शकतो.

पर्ससीनचा प्रश्न वेगळा आहे. हे जाळे तारली-बांगड्याच्या थव्याला वेढा घालून खालून आवळले जाते. खोल पाण्यात ते तळाला लागत नाही, पण किनाऱ्याजवळ अख्खा थवा एका फेरीत उचलते. रापणकरांच्या दृष्टीने याचा अर्थ अगदी सरळ आहे. रापणीत होडीने अर्धवर्तुळाकार जाळे टाकून दोन्ही बाजूंनी माणसे ते वाळूवर ओढतात आणि आलेल्या मासळीचे वाटे होतात, पण थवा किनाऱ्यापर्यंत पोहोचलाच नाही तर वाटायला काहीच उरत नाही. ५ फेब्रुवारी २०१६ च्या शासन आदेशाने पर्ससीनवर क्षेत्राची आणि हंगामाची बंधने आली, तर २०१७ मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली. (रापणीच्या बारीक आसाच्या, म्हणजे बारीक छिद्रांच्या, जाळ्यातही पिल्ले येतात, हे इथेच मान्य केले पाहिजे. पारंपरिक असल्यामुळे एखादी पद्धत आपोआप निर्दोष ठरत नाही.)

अशा सीमेचा निसर्गाला किती उपयोग होतो, हे पाहण्यासाठी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील लाइम बे हे उदाहरण मला फार मोलाचे वाटते. तिथे २००८ मध्ये २०६ चौरस किलोमीटर क्षेत्रात तळ खरवडणारे ट्रॉलर आणि शिंपले काढण्यासाठी तळावरून ओढली जाणारी ड्रेज ही अवजारे यांना बंदी झाली, मात्र खेकडे-शेवंडांचे पिंजरे, गळ आणि पाणबुड्यांची मासेमारी चालू राहिली. प्लिमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी पाण्याखालच्या कॅमेऱ्यांनी वर्षानुवर्षे तळाची पाहणी केली. तीन-चार वर्षांतच पुनरुज्जीवनाची चिन्हे दिसू लागली. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की समुद्रपंख्यांसारखे (पंख्याच्या आकाराचे, प्रवाळांच्या जातकुळीतले) जीव नकाशावर खडक म्हणून दाखवलेल्या जागेपुरते न राहता मधल्या वाळू-गोट्यांच्या भागातही रुजले. केवळ खडकांभोवती छोटी कुंपणे घातली असती, तर ही वाढ झालीच नसती. पुढे पिंजऱ्यांवरही प्रयोग झाले, आणि त्यांची दाटी फार वाढली तर त्यांचाही तळाला त्रास होतो असे आढळले. म्हणजे कोणते साधन चालेल एवढे ठरवून भागत नाही, ते किती संख्येने चालेल हेही ठरवावे लागते.

अभयारण्य नसूनही निसर्गाला उपयोगी पडणाऱ्या अशा सीमांना आंतरराष्ट्रीय पातळीवरही स्थान आहे. २०१८ मध्ये जैवविविधतेच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या सदस्य देशांनी संरक्षित क्षेत्राबाहेरील परिणामकारक संवर्धन उपायांची व्याख्या मान्य केली आणि २०२२ मध्ये २०३० पर्यंत ३० टक्के समुद्र संवर्धनाखाली आणण्याच्या उद्दिष्टात त्यांना जागा दिली. व्याख्येतील कळीची अट अशी की त्या जागेवरील जैवविविधतेला होणारा लाभ दीर्घकाळ टिकणारा असला पाहिजे. आपली १ जून ते ३१ जुलै ही पावसाळी बंदी माशांच्या प्रजननासाठी आवश्यकच आहे, परंतु ऑगस्टपासून तोच तळ पुन्हा खरवडला जात असेल तर तिला या अटीत बसवणे मला योग्य वाटत नाही. दहा वावांची वर्षभराची मनाई मात्र बसू शकते, जर ती प्रत्यक्षात पाळली गेली तर. आकडा गाठण्याच्या घाईत सरकारांनी कागदावरच्या सर्व बंद्या मोजून टाकल्या, तर त्यातून एकही समुद्रपंखा वाढणार नाही.

विजयदुर्गाच्या पश्चिमेला शंभराहून अधिक किलोमीटरवर असलेल्या आंग्रिया बँक या पाण्याखालच्या उंचवट्यावरील प्रवाळांना हा राज्य कायदा पोहोचत नाही, कारण त्याची हद्द बारा सागरी मैलांपर्यंतच आहे. तिथली जबाबदारी केंद्राची.

किनाऱ्यालगत मात्र रेषा आहे, कायदा आहे, २०२१ च्या दुरुस्तीनंतर जबर दंडही आहे आणि २०२५ पासून ड्रोनची टेहळणीही आहे. उणीव आहे ती रेषेच्या आत-बाहेर काय बदलते हे पाहण्याची. त्यासाठी दर वर्षी ठराविक ठिकाणी तळाची पाहणी झाली पाहिजे. तिच्या जोडीला रापणसंघांकडून प्रत्येक ओढीत आलेल्या जाती आणि माशांची लांबी यांची साधी नोंद घेता येईल. रापण त्याच किनाऱ्यावर, त्याच पद्धतीने, पिढ्यान्‌पिढ्या ओढली जाते, त्यामुळे उथळ समुद्राच्या प्रकृतीचे इतके सलग आणि स्वस्त मापन दुसरीकडे मिळणे कठीण आहे. नोंद घेणाऱ्यांना त्याचा मोबदला मिळावा, आणि रेषा पुढे-मागे सरकवण्याचा निर्णय होईल तेव्हा त्या वह्या टेबलावर असाव्यात.