तुमच्या घरी पाणी कुठून येतं?

कॅलिफोर्नियात फ्रेझ्नोजवळच्या एका कम्युनिटी कॉलेजात मी तेहतिसाव्या वर्षी प्रवेश घेतला. पुढे काय करायचंय, असं समुपदेशकांनी विचारलं. आरोग्याशी संबंधित काहीतरी, असं मी म्हणाले. ‘म्हणजे नर्सिंग,’ ते म्हणाले आणि यादी पुढे सरकवली. मीही मान हलवली. दुसरा शब्द माझ्याकडे नव्हता.

माझे वडील बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. दिवाळी झाली की त्यांचा अर्धा वर्ग रिकामा व्हायचा. मुलं आईबापांबरोबर ऊसतोडीला जायची आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर, थेट उन्हाळ्याच्या तोंडावर परत यायची. खाडा झाला की मुकादम पैसे कापतो, म्हणून पाळीचा त्रासच नको असं ठरवून तिशीतच पिशवी काढून घेतलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. असं का होतं, हा पदवीला शिकण्याचा विषय असतो, हे मात्र मला दुसऱ्या सत्रात समजलं. ‘सार्वजनिक आरोग्याची ओळख’ या तासाला बाईंनी 2005 चा कॅलिफोर्नियाचा नियम शिकवला. शेतमजूर उन्हानं शेतातच मरत होते, म्हणून राज्यानं मालकांवर पाणी, सावली आणि विश्रांती देण्याची सक्ती केली. सावली कायद्यानं मिळू शकते! त्या रात्री मी नर्सिंगची यादी फाडून टाकली.

वाट मात्र सोपी नव्हती. दोन वर्षं कम्युनिटी कॉलेज आणि पुढची दोन विद्यापीठात, हे ऐकायला सरळ वाटतं. इथल्या रहिवाशाला एका युनिटला, म्हणजे एका श्रेयांकाला, 46 डॉलर पडतात, तेही उत्पन्न कमी असेल तर माफ होतात. 2010 च्या कायद्यानं ‘असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर’, म्हणजे पुढे विद्यापीठात जाण्यासाठीची दोन वर्षांची पदवी, आली. ठरलेली 60 युनिटं पूर्ण केली की कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या कुठल्या ना कुठल्या कॅम्पसला जागा मिळण्याची हमी असते. हवा तोच कॅम्पस मिळेल, याची नसते. आणि खरी गोम ‘ठरलेली’ या शब्दात आहे. मी शरीरक्रियाशास्त्राचा जो कोर्स घेतला त्याला प्रयोगशाळा नव्हती, म्हणून तो धरला गेला नाही. माझं अख्खं सत्र वाया गेलं. कुठला कोर्स कुठल्या विद्यापीठाला चालतो, हे ‘असिस्ट’ नावाच्या सरकारी संकेतस्थळावर ओळीनं लिहिलेलं असतं, पण ते पहिल्याच आठवड्यात उघडून बघ, असं कुणी सांगितलं नव्हतं.

फ्रेझ्नो स्टेटमधून, म्हणजे कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या फ्रेझ्नो कॅम्पसमधून, सार्वजनिक आरोग्याची पदवी घेतल्यावर मी त्याच कॉलेजच्या ट्रान्सफर केंद्रात मार्गदर्शक म्हणून परत आले. समोर बसतात ती मेक्सिकन, आग्नेय आशियातून आलेल्या ह्मोंग आणि पंजाबी शेतमजुरांची मुलं. बहुतेकांच्या घरात कॉलेजची पायरी चढणारे तेच पहिले. मी आधी ‘असिस्ट’ उघडते, नमस्कार-चमत्कार नंतर.

गेल्या वर्षीची एक मुलगी सांगते. घरचे सगळे द्राक्षांच्या मळ्यात, ती शनिवार-रविवार पॅकिंगला. तीही नर्सिंग म्हणूनच आली होती. यूसी मर्सेडला, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या मर्सेड कॅम्पसला, सार्वजनिक आरोग्य आहे, आणि तिथल्या प्रवेशाच्या हमीचा अर्ज सप्टेंबरच्या तीस दिवसांतच भरावा लागतो. तो आम्ही अठ्ठावीस तारखेला भरला. मग प्रवेश अर्जातले निबंध. चार प्रश्न, प्रत्येकाला जास्तीत जास्त 350 शब्द. त्यातला एक ट्रान्सफरवाल्यांना सक्तीचा: निवडलेल्या विषयासाठी तुम्ही काय तयारी केली?

पहिल्या खर्ड्यात तिनं लिहिलं होतं, मला लोकांना मदत करायची आहे. मी कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, तुमच्या घरी पाणी कुठून येतं?

विहिरीतून, पण ते आम्ही पीत नाही, विकतचं आणतो, ती म्हणाली. मी सवयीनं म्हटलं, उकळून का नाही पीत? आपल्याकडे लहानपणापासून हेच ऐकलेलं. तिनं शांतपणे समजावलं: विहिरीत खतांचं नायट्रेट उतरलंय. उकळलं की पाणी कमी होतं, नायट्रेट तेवढंच राहतं, म्हणजे उलट दाट होतं. तान्ह्या बाळांना त्यानं धोका असतो, म्हणून धाकटा भाऊ झाला तेव्हा आठवीतल्या या मुलीनं दुकानातून बाटल्या वाहून आणल्या होत्या, आणि शाळेतल्या शिक्षकांना विचारून पिण्याच्या पाण्यातली मर्यादा शोधून काढली होती: लिटरला 10 मिलिग्रॅम, नायट्रोजन म्हणून मोजलेलं. तयारी आणखी कशाला म्हणतात? तेच लिही, म्हटलं. तिला वाटत होतं, ही तर घरातली गोष्ट, अर्जात कशी लिहायची?

सरकारी शिष्यवृत्तीचा अर्ज सगळ्यांत अवघड गेला. त्यात आईवडिलांची माहिती आणि संमती लागते. ती स्वतः नागरिक, पण वडिलांकडे इथे राहण्याची कागदपत्रं नाहीत. त्यांनी स्वयंपाकघरातच मला विचारलं, माझं नाव सरकारला का द्यायचं? काही होणार नाही, असं वचन मला देता येत नव्हतं, आणि मी ते दिलंही नाही. कॉलेजात मोफत सल्ल्याला वकील येतात, त्यांच्याशी वडिलांची गाठ घालून दिली. दोन आठवडे घरात कुणी विषय काढला नाही. मुदत 2 मार्चची. 27 फेब्रुवारीला त्यांनी स्वतः मुलीला हाक मारली आणि शेजारी बसून एकेक रकाना भरला.

एप्रिलमध्ये मर्सेडचा होकार आला. संख्याशास्त्राचा कोर्स वसंत सत्रात उरला होता. तो ती पास होईपर्यंत मला झोप नव्हती, कारण जुलैत शेवटची गुणपत्रिका पोचली नाही तर होकार मागे घेतला जाऊ शकतो.

परवा तिचा फोन आला. वर्गात नमुने कसे घ्यायचे ते शिकवलं म्हणे. सुट्टीत घरी येऊन शेजारच्या सहा विहिरींचं पाणी तपासायचंय, बाटल्या कुठल्या घ्यायच्या, तेवढं विचारत होती.