मुक्काम रंगमंदिराजवळ घ्या : बेळगाव–धारवाडचे चार दिवस

निपाणीहून बेळगाव ७५ किलोमीटर. दवाखाना, कोर्टाचं काम, लग्नाचा बस्ता, असल्या कारणांनी आम्ही वर्षातून आठ-दहा वेळा जातो आणि संध्याकाळच्या गाडीनं परत येतो. त्यामुळं बेळगावची संध्याकाळ आम्ही कधी बघितलीच नव्हती. गाणं, नाटक, व्याख्यान, सगळं तिथं दिवे लागल्यावर सुरू होतं आणि तोवर आमची गाडी संकेश्वरच्या पुढं आलेली असते. यंदा जानेवारीत ठरवलं, अप्पांना घेऊन जायचं आणि चार दिवस राहायचं. अप्पा शहात्तर वर्षांचे. तरुणपणी गावच्या नाटकांना पेटीची साथ करायचे. आता गुडघा धरतो, जिना नको वाटतो. पण गाण्याला बसले की उठवावं लागतं.

पहिल्या रात्रीची खोली मी मोबाईलवर फोटो बघून घेतली होती. हमरस्त्याला लागून, नवीकोरी, लिफ्ट असलेली. खोलीत नाव ठेवायला काही नव्हतं. पण कार्यक्रम सुटला पावणेअकराला, आणि तिकडं यायला एकही रिक्षावाला तयार होईना. शेवटी एकजण तिप्पट पैशाला कबूल झाला. तोवर अप्पा पाऊण तास थंडीत उभे. पोचलो तर फाटक बंद, राखणदाराला हाका मारून उठवावं लागलं. आत गेल्यावर अप्पा म्हणाले, "झोपायला आलोय व्हय गं आपण? गाणं ऐकायला आलोय. मग गाण्याच्या जवळच राहायचं की." दुसऱ्या दिवशी सकाळीच मी गावात खोली बघितली, आणि पुढचे दिवस फार सुखाचे गेले.

म्हणून सगळ्यात आधी हेच सांगते. कलेसाठी बेळगावला जात असाल तर मुक्काम जुन्या गावातच घ्या : खडेबाजार, रामलिंगखिंड गल्ली, किर्लोस्कर रोड, फार तर कॉलेज रोड. लोकमान्य रंगमंदिर कोनवाळ गल्लीत आहे. यातल्या कुठल्याही ठिकाणाहून सावकाश चालत पंधरा-वीस मिनिटांत जाता येतं, आणि रात्री परत येताना मोठ्या रस्त्यांवर माणसांची जाग असते. मध्यंतरात अप्पांना औषध घ्यायची आठवण झाली, तेव्हा मी खोलीवर जाऊन गोळी घेऊन आले. हमरस्त्यावरच्या मुक्कामातून हे जमलं नसतं. या भागातली लॉज साधी आहेत. चादरी स्वच्छ आणि सकाळी गरम पाणी एवढं बघून घ्या. खोली मागच्या अंगाला मागा, कारण रस्त्याकडच्या खोलीत पहाटेपासून टेम्पोंचा आवाज येतो. म्हातारी माणसं बरोबर असतील तर पहिला मजला मागताना "लिफ्ट चालू आहे का" हे फोनवर विचारू नका, समोर जाऊन बघा.

कुमार गंधर्व रंगमंदिर मात्र किल्ल्याच्या पलीकडच्या बाजूला. तिथला कार्यक्रम असेल तर जातानाच रिक्षावाल्याशी परतीचं ठरवून त्याचा नंबर घेऊन ठेवा.

खोली कधी मिळते तेही महत्त्वाचं आहे. कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन इथल्या सुवर्णसौधमध्ये भरतं, साधारण डिसेंबरात. त्या दिवसांत आमदार, अधिकारी, पोलीस, मोर्चेवाले यांनी गाव भरून जातं. चांगली खोली सोडाच, कसलीही मिळणं कठीण. गणेशोत्सवात आणि वैशाखातल्या शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीला गर्दी याहून जास्त, पण ती गर्दी कलेसाठीच असते. चित्ररथांवर माणसं स्वतः उभी राहून प्रसंग सादर करतात, आणि रात्रभर एकामागून एक रथ येत राहतात. ते बघायचं असेल तर खोली महिनाभर आधी धरा आणि मिरवणुकीच्या वाटेवर घेऊ नका, वाटेपासून दोन गल्ल्या आत घ्या.

आता कार्यक्रम कुठं कळतात? बेळगावातल्या छोट्या मैफलींची जाहिरात मोबाईलवर क्वचितच सापडते. सकाळी 'तरुण भारत' किंवा 'पुढारी'ची बेळगाव आवृत्ती घ्यायची आणि स्थानिक पानांवरच्या बारीक बातम्या बोट ठेवून वाचायच्या. दुसरी जागा म्हणजे वाचनालयं. सार्वजनिक वाचनालय १८४८ सालापासून चालू आहे आणि शहापूरचं सरस्वती वाचनालयही जुनंच. दारातला फळा वाचा आणि टेबलामागच्या माणसाला विचारा. मी विचारलं, "इथं कुठं गाणं आहे का हो आठवड्यात?" त्यांनी चष्म्यावरून अप्पांकडं बघितलं, वहीचं पान फाडून शहापुरातल्या एका वाड्याचा पत्ता लिहून दिला आणि म्हणाले, "साडेसहाला जावा. तिकीट-बिकीट काही नाही. वेळेत बसा तेवढं."

त्या बैठकीबद्दल थोडं सविस्तर लिहिते. वाड्याच्या सोप्यात सतरंज्या, भिंतीला टेकायला चार तक्के, पन्नासेक माणसं. गाणारी तिशीतली मुलगी, दिवसा हायस्कुलात शिकवणारी. ती तंबोरा लावत होती आणि आम्ही अगदी पुढं, हाताच्या अंतरावर. खर्जाची तार काही केल्या बोलेना. तिनं घोडीवर तारेखालचा सुती दोरा नखानं केसभर पुढं सरकवला, पुन्हा छेडली, पुन्हा केसभर मागं घेतला, आणि एकदम आवाज उमलला. मघापर्यंत नुसती वाजणारी तार आता गुणगुणायला लागली. अप्पांनी माझा हात दाबला. "जवारी उघडली बघ," एवढंच म्हणाले. मग तिनं पूरिया धनाश्री मांडला. पलीकडच्या गल्लीत कुणाचा तरी माग चालू होता. शहापूर-वडगाव हा विणकरांचा भाग, शहापुरी साड्या इथल्याच. विलंबित एकतालाचा ठेका आणि त्याच्याखाली दूरवर मागाची खटखट, दोन्ही एकमेकांच्या आड न येता चालले होते. सव्वासातच्या सुमाराला माग थांबला आणि सोप्यातली शांतता आणखी खोल झाली. मोठ्या रंगमंदिरात, ध्वनिक्षेपकातून हे ऐकू येत नाही. बेळगावात एकच संध्याकाळ हातात असेल तर मी अशा बैठकीलाच जाईन. तिथं बिदागीसाठी ताट किंवा डबा ठेवलेला असतो, मनापासून टाका. खाली बसवत नसेल तर आधी सांगितलं की खुर्ची ठेवतात, त्यात कुणाला काही वाटत नाही.

या मातीत गाणं किती खोल आहे हे या भागातल्या आपल्या माणसांनाही नीट माहीत नसतं, याचं मला वाईट वाटतं. कुमार गंधर्व बेळगावजवळच्या सुळेभावीत ८ एप्रिल १९२४ ला जन्मले. मराठी संगीत नाटक ज्यांनी उभं केलं ते अण्णासाहेब किर्लोस्कर १८४३ मध्ये याच जिल्ह्यात, सौंदत्तीजवळच्या गुर्लहोसूरला. जी. ए. कुलकर्णी आमच्या निपाणीपासून जवळ, एकसंब्याचे, आणि शिकले बेळगावात. इंदिरा संतांचं आयुष्य याच शहरात गेलं. पु. ल. देशपांडे इथं राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवायचे. १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनात, जिथं गांधीजी अध्यक्ष होते, अकरा वर्षांच्या गंगूबाई हनगल स्वागतगीत गायल्या. अधिवेशनाची जागा टिळकवाडीत, वीरसौधच्या आवारात, तिथली विहीरही बघण्यासारखी आहे. अर्धा तास पुरे.

किल्ल्याला मात्र एक अख्खी सकाळ द्या. मध्यवर्ती बसस्थानकापासून तो चालत जाण्याच्या अंतरावर. आत लष्कराचा भाग आहे, ओळखपत्र जवळ ठेवा आणि मनाई असेल तिथं फोटो काढू नका. कमल बस्ती हे नेमिनाथांचं जैन मंदिर १२०४ सालचं, रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज यानं बांधलेलं. या मंदिराचे शिलालेख आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, ते इथं बघायला मिळत नाहीत. पण छत इथंच आहे. मंडपाच्या मधोमध उभं राहून वर बघा : दगडाचं कमळ छतातून खाली लोंबतं, ७२ पाकळ्यांचं, भूत-वर्तमान-भविष्यातल्या प्रत्येकी २४ तीर्थंकरांसाठी. लगेच मान खाली घालू नका. डोळे अंधाराला सरावले की पाकळ्यांच्या कडा एकेक करून दिसायला लागतात. मग खांबाजवळ जा. काळा दगड इतका घोटलेला की दाराकडून येणाऱ्या उजेडाची पट्टी त्यात उभी दिसते. खांबावरच्या गोल कड्या सुताराच्या चरकावर काढल्यासारख्या एकसारख्या. आम्ही नऊला गेलो होतो, उजेड तिरपा होता. दुपारी एवढं दिसत नाही असं तिथल्या माणसानं सांगितलं. चप्पल बाहेर काढावी लागते, जानेवारीत फरशी गारठलेली असते, म्हणून मोजे घालून जा. किल्ल्यातच असदखान लारीनं बांधलेली सफा मशीद आहे, आणि रामकृष्ण आश्रम. स्वामी विवेकानंद १८९२ च्या ऑक्टोबरात बेळगावात राहिले होते.

चित्रांसाठी वरेरकर नाट्य संघाकडचं के. बी. कुलकर्णी कलादालन. रवी परांजपे यांच्यासारख्या चित्रकाराला घडवणारे हे गुरू. प्रदर्शन चालू आहे का ते पेपरात बघून जा. आम्ही गेलो त्या दिवशी बंद होतं.

हिवाळ्यात जात असाल तर एक रविवार मोकळा ठेवा. कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी, कुद्रेमानी अशा गावांत मराठी साहित्य संमेलनं भरतात. सकाळी ग्रंथदिंडी, लेझीम, मग भाषणं, दुपारी सगळ्या गावाबरोबर जेवण, नंतर कथाकथन आणि कविसंमेलन. ही गावं शहरापासून जवळ आहेत, बस मिळते. शेतकरी बायका कामं आवरून डोक्यावर पदर घेऊन पुढच्या रांगेत कविता ऐकायला बसतात. हे बघून माझे डोळे भरून आले, आणि ते लपवावं असं मला वाटलं नाही.

खाण्याचं थोडक्यात. कुंदा ताजा आणि वजनावर घ्या; बंद डब्यातला घ्याल तर तारीख बघा. मांडे मात्र ताजेच खा, आणि नेणार असाल तर बॅगेत नको, हातात धरून न्या. ती तलम घडी प्रवासात चुरा होते.

चौथ्या दिवशी धारवाड. बसनं किट्टूरवरून साधारण दोन तास. रेल्वे लोंढ्यावरून जाते, वेळ जास्त लागतो, पण खानापूरच्या पुढं जंगल लागतं; घाई नसेल तर रेल्वेनंच जा. कर्नाटकातल्या बायकांना साध्या सरकारी बसमध्ये तिकिटाचे पैसे पडत नाहीत, आधार दाखवावं लागतं. महाराष्ट्रातून येणाऱ्यांना तिकीट काढावं लागेल. बसच्या पाट्या बहुतेक कानडीत असतात. अडलात तर "धारवाडद बस एल्लि ऐति?" एवढं पुरतं, आणि उत्तर बऱ्याचदा मराठीत येतं.

धारवाडला 'मृत्युंजय' हे गायक मल्लिकार्जुन मन्सूरांचं घर आहे, आता त्यांचं स्मारक. अप्पांनी त्यांना एकदा कोल्हापुरात ऐकलं होतं. जवळच्याच मनसूर गावचा मुलगा, आधी नीलकंठबुवांकडं, मग मंजीखाँ आणि भुर्जीखाँकडं शिकला आणि पुढं धारवाडातच राहिला. फोटोसमोर अप्पा बराच वेळ उभे राहिले. घर दाखवणाऱ्या गृहस्थांशी ते मोडक्या कानडीत बोलत होते, ते गृहस्थ मोडक्या मराठीत उत्तर देत होते, आणि दोघांच्या बोलण्यात रागांची नावं तेवढी स्पष्ट ऐकू येत होती. एकाच दिवसात उरकायचं असेल तर कानडी कवी द. रा. बेंद्रे यांचं साधनकेरीचं बेंद्रे भवन आणि मन्सूरांचं घर सकाळी करा. दुपारी चिगरी बस धरा. हुबळी २० किलोमीटरच्या आसपास, आणि या बसला वेगळी मार्गिका आहे, ट्रॅफिकमध्ये अडकत नाही. हुबळीत देशपांडेनगरात गंगूबाईंचं 'गंगालहरी' आहे. उघडं आहे का ते आधी विचारून जा. सुरुवातीच्या रेकॉर्डवर त्यांचं नाव 'गांधारी' असं छापलं जायचं, हे अप्पांनी मला बसमध्ये सांगितलं.

हुबळीहून निपाणी-कोल्हापूरकडं थेट गाड्या आहेत, पण संध्याकाळी भरून येतात. पाचच्या आत स्टँडवर पोचा, म्हणजे म्हाताऱ्या माणसाला बसायला जागा मिळते. आम्हाला मिळाली. संकेश्वर यायच्या आत अप्पांनी शहापूरच्या वाड्याचा पत्ता लिहिलेला तो कागद माझ्याकडून मागून घेतला आणि घडी करून खिशात ठेवला.